फॉन्टमध्ये टाईप केलेलं काम अक्षरकलेच्या प्रदर्शनाला पाठवावं का?

कानामात्रा
पुण्यात दिवाळीनंतर अक्षरकलेचं एक समूह प्रदर्शन आहे. प्रवेशपत्रिकेत 'सुलेखन, लेटरिंग, टायपोग्राफी' असे तीन शब्द एका दमात छापलेत, म्हणजे लेखणीने लिहिलेलं, रेखाटून काढलेलं आणि तयार फॉन्टमध्ये मांडलेलं, सगळं एकत्र. गट एकच, परीक्षक तेच, दर कामामागे ५०० रुपये.

गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी मी दोन कामं पाठवली होती. पहिलं हातकागदावर बोरूने लिहिलेलं, तुकोबांची ओळ. एकवीस कागद फुकट गेले तेव्हा कुठे बाविसावा जमला. दुसरं रात्री अकराला लॅपटॉपवर केलेलं. 'पाऊस' हा शब्द मुक्ता फॉन्टमध्ये टाईप केला आणि अक्षरं खाली ओघळत नेली, बस्स. पाऊण तास लागला असेल. पहिलं नाकारलं. दुसरं भिंतीवर लागलं आणि विकलंही गेलं.

पैसे घेतले, पण मनाला लागून राहिलं. प आणि स मी काढलेलेच नव्हते. ते कुणीतरी महिनोन्महिने घासून केलेले. म्हणून माझं मत, तयार फॉन्टमधलं काम अक्षरकला म्हणून पाठवूच नये. जाहिरातकलेच्या प्रदर्शनात खुशाल लावा.

फॉन्टवेडी
साफ असहमत. गवंड्याने विटा स्वतः भाजल्या नाहीत म्हणून घर त्याचं नाही का? मांडणी ही 'फक्त' मांडणी नसते. कुठलं अक्षर किती उतरवायचं, शिरोरेषा कुठे तोडायची, रिकामी जागा किती सोडायची, हे सगळं तुम्हीच ठरवलंत. घेणाऱ्याला त्यात पाऊस दिसला. एकवीस कागदांचा हिशेब त्याने कशाला बघायचा?

आणि र. कृ. जोशींना कुठल्या गटात बसवाल? सुलेखन त्यांचं, कविता त्यांची, आपल्या संगणकांवरचा मंगल फॉन्टही त्यांचाच. त्या माणसाने या भिंती घातल्या नाहीत, आणि आपण ५०० रुपयांच्या प्रवेशपत्रिकेसाठी घालतोय.

पाटीवाला
विटांचा दाखला चुकला, ताई. वीट कुणी बघायला येत नाही. अक्षरकलेच्या प्रदर्शनात माणूस अक्षरच बघायला येतो.

माझे वडील कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यात गेले. ते काही शिकलेले नव्हते, पण त्यांची एक खूण मी अजून वापरतो. 'ममता' लिहिलंय? मग दोन्ही म बघायचे. फॉन्टमध्ये दोन्ही सारखे. हाताने काढलेल्या शब्दात पहिला म सुरुवात करतो, दुसरा त पुढे येणार म्हणून अंग चोरतो. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं केली ती अशीच. त्या एका नावापुरतं काढलेलं अक्षर, दुसऱ्या नावाला लावायला गेलं तर बसायचं नाही. लेटरिंग याला म्हणतात. टाईप करून वाकवलेल्याला नाही.

फॉन्टवेडी
दादा, आजच्या फॉन्टमध्येही एकाच अक्षराचे दोन-तीन पर्यायी आकार घालता येतात. दोन म वेगळे निघाले म्हणजे हाताने काढले, असं आता राहिलेलं नाही.

पाटीवाला
पर्यायी आकारसुद्धा फॉन्ट करणाऱ्यानेच काढून ठेवलेले ना? मग तेच तर म्हणतोय!

टाचणी
प्रदर्शनं टांगण्याचं काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून एक अप्रिय गोष्ट सांगते. कानामात्रा, तुमचं बोरूचं काम फॉन्टपुढे हरलं नसावं, फोटोपुढे हरलं असावं. पहिली चाळणी बहुतेक ठिकाणी स्क्रीनवर होते. शे-दोनशे चित्रं, बोटाएवढी, एकामागून एक सरकवत. वेक्टरमधलं, म्हणजे संगणकावर रेषांनी काढलेलं काम त्यात काळंभोर, धारदार दिसतं. हातकागदावरचं राखाडी पडतं. कागदाचा पोत गेला, शाईचा दाट-विरळपणा गेला, फोटो तिरका असेल तर शिरोरेषाही वाकडी. मग उरलं काय?

उजेड एका बाजूने घ्यायचा, कॅमेरा कागदाला समांतर ठेवायचा आणि एका अक्षराचा जवळून फोटो वेगळा जोडायचा. तोच कागद, पण दुसरंच काम वाटेल.

बंदी घालायची तर फॉन्टवर नको, कामाखालच्या पट्टीवर लिहितात त्या 'मिश्र माध्यम' या शब्दावर घाला. त्याआड काहीही खपतं. 'डिजिटल प्रिंट, फॉन्ट मुक्ता, १० पैकी ३ री प्रत' असं सरळ लिहा की. घेणाऱ्याला कळू दे की अशी प्रत आणखी नऊ जणांकडे असणार आहे. भांडण तिथेच अर्धं मिटतं. (आणि कृपा करून विठ्ठल पाठवू नका. ठ्ठ-चे कमरेवरचे हात आणि वर उभा गंध एकाच भिंतीवर सातदा टांगलाय मी. पांडुरंगालाही कंटाळा आला असेल.)

कानामात्रा
फोटो मोबाईलवर, ट्यूबलाईटखाली काढला होता. गप्प बसतो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. दुसऱ्याचं अक्षर वापरून विकणं चोरीच ना?

परवानाधारक
चोरी नाही. मुक्ता, बलू यांसारखे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिलेले आहेत. त्यांत केलेलं चित्र, पुस्तक, पाटी, काहीही विका. नुसता फॉन्ट विकता येत नाही, एवढंच. करणाऱ्याचं नाव देण्याची सक्ती नाही, पण द्यावं. विकतच्या फॉन्टचा परवाना मात्र वाचून घ्या.

खरी भानगड ओळींची आहे. आपण कवितेच्या ओळी बिनधास्त लिहितो आणि विकतो. आपल्याकडे कवीच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. तुकोबांची काळजी नाही. मर्ढेकर १९५६ साली गेले, तेही मोकळे झाले. कुसुमाग्रज गेले १९९९ साली, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत परवानगी हवी. फॉन्टवर तावातावाने भांडणाऱ्या किती जणांनी ती घेतलीय?

पाटीवाला
आमच्या वडिलांनी 'येथे चहा मिळेल' लिहिलं. त्याचे हक्क कुणाकडे?

रफार
मला वेगळाच राग आहे. ओळी मराठी, पण ल दांडीचा आणि श बिनगाठीचा, हिंदी वळणाचा. पाकळीचा ल आणि गाठीचा श हवा, असा राज्य सरकारचा २००९ चा शासननिर्णयही आहे. काही फॉन्टांत मराठी आकार आत असतो, पण सॉफ्टवेअरला मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं. ते कुणी करत नाही. ज्याला आपल्या शब्दातला ल कुठला आहे हे दिसत नाही, त्याचं काम परीक्षकांनी तिथेच बाजूला ठेवावं. मग तो बोरूने लिहो नाहीतर माउसने.

फॉन्टवेडी
अहो, शासननिर्णय शाळेसाठी आणि कारभारासाठी. तो चित्राला लावायचा? उद्या ओघळणाऱ्या पाऊसला शिरोरेषा सरळ करायला सांगाल.

रफार
मोडायचं असेल तर माहीत असून मोडा. न दिसल्यामुळे मोडलं तर ते अज्ञान, स्वातंत्र्य नव्हे.

फॉन्टवेडी
हे मान्य. कानामात्रांचा नियमही याच मापाने मोजा. फॉन्ट निवडताना डोळा वापरला असेल तर काम त्यांचं. यादीत पहिला दिसला म्हणून घेतला असेल तर नाही. कानामात्रा, मुक्ताच का घेतला होता?

कानामात्रा
खरं सांगू? यादीत तोच पहिला दिसला.

म्हणून ठरवलंय. 'पाऊस' यंदा पाठवत नाही. आयोजकांना पत्र लिहून विचारलंय, निदान प्रवेशपत्रिकेवर 'अक्षर स्वतः काढले / फॉन्ट वापरला' असा एक रकाना टाकता येईल का. वेगळा गट मागितलेला नाही, तेवढं तुमचं ऐकलं. तुकोबांचा तोच कागद पुन्हा पाठवतोय, फोटो नवा काढून. दुपारी गच्चीवर काढू का?

टाचणी
गच्चीवर नको, चकाकेल. सकाळी खिडकीपाशी, पडदा लावून.

पाटीवाला
आणि पाठवण्याआधी ल बघून घ्या.