सिलिअ‍ॅक असलेल्या मुलीसाठी घरघंटी घ्यावी का? बजेट १२,००० रुपये

कृष्णाकाठची (धागाकर्ती)
नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक आजार असल्याचे यंदा रक्ततपासणी आणि दुर्बिणीने घेतलेल्या आतड्याच्या नमुन्याच्या तपासणीनंतर निश्चित झाले. निदानाबद्दल शंका नाही, तेव्हा त्यावर चर्चा नको ही विनंती. गहू आणि जव तिला आयुष्यभर वर्ज्य आहेत. ज्वारीची भाकरी, घावन, नाचणीची उकड हे सर्व ती आनंदाने खाते. अडचण पिठाची आहे. आमचा गिरणीवाला भला माणूस आहे आणि सांगितले की 'ज्वारीवर ज्वारी' दळून देतो, परंतु त्याच दगडांवर त्याआधी गहू दळलेला असतो, खाली पडलेले पीठ तोच झाडू गोळा करतो आणि आमच्या डब्यात गव्हाचा अंश येणार नाही याची खात्री तो तरी कशी देणार? तयार पाकिटातले ज्वारीचे पीठ आणून पाहिले, पण जुन्या पिठाची विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडा चिरतात. म्हणून फक्त तिच्या धान्यांसाठी छोटी घरघंटी घ्यावी असा विचार आहे. दगडाची घ्यावी की स्टीलची? बजेट १२,००० रुपये असून ते वाढणार नाही. घरातील बाकीच्यांचा गहू गिरणीतच जाईल.

निगडीचे_काका
ताई, चांगली वस्तू आयुष्यात एकदाच घ्यावी. आम्ही २४,००० रुपयांची स्वयंचलित घरघंटी घेतली आणि तो निर्णय किती योग्य होता हे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो. वरून धान्य ओतावे आणि निवांत बसावे. धान्य संपले की यंत्र स्वतःहून थांबते. बाहेरून लाकडी कपाटासारखे दिसते, त्यामुळे आम्ही ते दिवाणखान्यातच ठेवले आहे. गहू, हरभरा डाळ, मका, हळकुंडे, सर्व त्यातच दळतो. बारा हजारांत जे मिळते त्याला घरघंटी म्हणू नये.

दळण_घरचे
काका, त्यांना गहू नको आहे, दिवाणखाना सजवायचा नाही, आणि रक्कमही त्यांनी स्पष्ट लिहिली आहे.
कृष्णाकाठचीताई, माझ्या मुलालाही सिलिअ‍ॅक आहे आणि आमच्याकडे साधी, एक अश्वशक्तीची, स्टीलच्या पात्यांची घरघंटी आहे. दगड घेऊ नका, कारण दगडाच्या खाचांमधले पीठ पूर्ण निघत नाही. पाती आणि जाळ्या काढून कोरड्या ब्रशने स्वच्छ करता येतात. ओला हात मात्र आत लावू नये, ओलसर पीठ जाळीला चिकटून घट्ट बसते. तांदूळ धुऊन दळणार असाल तर ते खडखडीत वाळलेले हवेत. शेंगदाणे आणि तीळ त्यात कधीही घालू नयेत, तेल सुटून जाळी बुजते.
एक गोष्ट कोणीच सांगत नाही. यंत्र बसवायला येणारा माणूस प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी घरातला गहू मागतो, आणि काही वेळा तो स्वतःच मूठभर घेऊन येतो. आमच्याकडे आलेल्याच्या खिशात गव्हाची पुडी होती. मी त्याच्यासमोर ज्वारीचे भांडे ठेवले, तेव्हा 'गव्हाशिवाय यंत्राची खरी परीक्षा होत नाही' असे म्हणून तो बराच वेळ रुसून बसला. तुम्ही खोके उघडण्यापूर्वीच त्याला बजावा. वापरलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

खपलीवाला_वाळवा
मी शेतकरी आहे. एवढा खर्च करण्याआधी खपली गहू देऊन पाहावा. आजकालच्या संकरित गव्हामुळे हे सगळे आजार आले आहेत. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खपलीची खीर आणि पोळी होते, पोटाची तक्रार कोणाला नाही. पाहिजे असल्यास घरपोच देतो, भाव फोनवर सांगेन.

पॅथॉलॉजीवाली
खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे, म्हणजे गहू-जवातील तेच प्रथिन ज्यामुळे या आजारात आतड्याला इजा होते. बन्सी, लोकवन, शरबती, खपली यांपैकी कोणताही गहू सिलिअ‍ॅक असलेल्या मुलीला चालत नाही. पोट दुखले नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही, असे या आजारात म्हणता येत नाही. लहान आतड्यातील अन्नरस शोषणारे अंकुर लक्षणांशिवायही झिजत राहतात, आणि मुलांमध्ये ते कित्येकदा केवळ खुंटलेल्या उंचीवरून किंवा लोहाच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तक्षयावरून कळते. 'देऊन पाहावे' हा सल्ला कृपया मागे घ्यावा.
ताई, तुम्ही विचारले नाही तरी लिहिते. मुलीच्या सख्ख्या भावंडांची आणि तुम्हा दोघांचीही टीटीजी प्रतिपिंडांची (म्हणजे सिलिअ‍ॅकसाठीची रक्तातील) तपासणी करून घ्या, कारण हा आजार कुटुंबात आढळतो. ती होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका. गहू आधीच सोडलेला असेल तर तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते.

खपलीवाला_वाळवा
मी अनुभवाचे बोललो. तुमच्या प्रयोगशाळा निघण्याच्या आधीपासून माणसे जेवत आहेत.

जाते_आणि_ओवी
कोणालाच साधे जाते का सुचू नये? नवे दगडी जाते घ्या, वीजबिल नाही, आवाज नाही, पीठ तापत नाही. मी रोज पहाटे भाकरीपुरते दळते आणि माझे खांदे व्यायामशाळेत जाणाऱ्या माझ्या सुनेपेक्षा मजबूत आहेत, हे तीच सांगते. नव्या जात्यात कधीच गहू गेलेला नसल्यामुळे दगडाच्या खाचांचा प्रश्नही उरत नाही.

दळण_घरचे
आजी, मुद्दा बरोबर आहे, दगड नवा असेल तर अडचण नाही. पण नव्या जात्याची कच सुरुवातीला पिठात येते, आणि दगड गुळगुळीत झाला की टाकी लावावी लागते. टाकी लावणारा आता शोधूनही सापडत नाही.

जाते_आणि_ओवी
आमच्या गावात येतो. तुमच्याकडे येत नसेल तर त्यात जात्याचा दोष नाही.

तुरिनकर
येथे इटलीत सिलिअ‍ॅक रुग्णांना सरकारी आरोग्यसेवेकडून ग्लुटेनमुक्त पदार्थांसाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळते, आणि २००५ च्या कायद्यानुसार शाळांच्या भोजनगृहातही मागणी केल्यास वेगळे जेवण द्यावे लागते. माझ्या पत्नीला हा आजार असल्याने आम्ही हे सर्व अनुभवत आहोत. औषधांच्या दुकानातसुद्धा ग्लुटेनमुक्त पास्त्याची वेगळी मांडणी असते. भारतात अशी जागरूकता कधी येईल, कोण जाणे.

कृष्णाकाठची
तुरिनकर, वाचून हेवा वाटला. मुलीच्या शाळेत 'डबा वाटून खा' असे शिकवतात. तिने वाटून खाऊ नये, हे बाईंना पटवून देण्यातच आमची निम्मी शक्ती खर्च होते.
दळण_घरचे आणि पॅथॉलॉजीवाली यांचे मनापासून आभार. धाकट्या मुलाची तपासणी याच आठवड्यात करून घेते. घरघंटीबद्दल आणखी कोणाचा अनुभव असल्यास जरूर लिहावा.

दूध_नको_बाबा
मला दूध पचत नाही. अनेक वर्षे पोट फुगत होते, दूध बंद केले आणि शांत झालो. तुमच्या मुलीचेही दूध बंद करून पाहा, निम्मे आजार दुधातून येतात. गव्हाला उगाच दोष दिला जातो.

पॅथॉलॉजीवाली
दुधातील साखर पचवणाऱ्या विकराची कमतरता, गव्हाची अ‍ॅलर्जी आणि सिलिअ‍ॅक या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पोट फुगते, जुलाब होतात, पण आतड्याला इजा होत नाही. दुसऱ्यात अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही झटपट घडू शकते. तिसऱ्यात शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. नुकतेच निदान झालेल्या काही सिलिअ‍ॅक मुलांना दूधही तात्पुरते सोसत नाही, कारण ते विकर ज्या अंकुरांवर तयार होते तेच झिजलेले असतात. ते भरून आले की बहुतेकांना दूध पुन्हा पचते. वाढत्या वयातील मुलीचे दूध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

पुणेरी_पाकसिद्धी
घरघंटीवर एवढी चर्चा चालली आहे, पण फोडणीतल्या हिंगाचे काय? आपण वापरतो तो बांधानी हिंग असतो आणि त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तांदळाचे पीठ वापरलेला हिंगही मिळतो, डबीवरचे घटक वाचून घ्यावा. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो, कुरडया तर गव्हाच्याच. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण दिवाळीत करंज्या तळलेल्या तेलातच चकल्या तळल्या तर उपयोग शून्य. आमच्या सोसायटीतील एका नामवंत सुगरणीला हे सांगितले तेव्हा तिने मला फराळाचे ताट पाठवणेच बंद केले. ही तिची बाजू असो.

कऱ्हाडचा_दादा
मेतकुटात गहू नसतो. माझी आई फक्त डाळी आणि तांदूळ घालते.

पुणेरी_पाकसिद्धी
आपल्या मातोश्रींची पद्धत वेगळी असेल. आमच्याकडे मूठभर गहू भाजून घातल्याशिवाय मेतकुटाला खमंगपणा येत नाही, आणि विकतचे घेताना तर गृहीतच धरावे.

कऱ्हाडचा_दादा
विकतचे मेतकूट घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ताई, माझे मत विचाराल तर स्टीलची घरघंटी घ्यावी, दगडाची नको.

दळण_घरचे
हे वर लिहून झाले आहे, दादा.

मंगळवेढ्याची_सून
दळणाच्या आधीचे कोणी बोलतच नाही. ज्वारी गव्हाशिवाय घरी येते कुठे? दुकानात एकाच मापाने आणि एकाच सुपाने गहू, ज्वारी, बाजरी मोजली जाते, आणि शेतात मळणी यंत्रही एका पिकावरून दुसऱ्यावर तसेच फिरते. आमच्याकडची शाळू ज्वारी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे, तरी परातीत पसरून निवडायला बसले की पांढऱ्या मोत्यांसारख्या दाण्यांत गव्हाचे दोन-चार लांबट, पोटाला चीर असलेले दाणे सापडतातच. ते डोळ्यांना लगेच दिसतात. म्हणून धान्य अखंड घ्यावे, स्वतः निवडावे, पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावे आणि मगच दळावे. यंत्र कितीही महाग घेतले तरी त्याच्या तोंडात गहू गेला तर पिठात गहूच येणार. शक्य असल्यास ओळखीच्या शेतकऱ्याकडून सुगीतच वर्षाची ज्वारी भरून ठेवा. तुमच्या जत भागातही चांगली मिळते.

अंधेरी_ऑफिस
एवढा व्याप कशाला? 'ग्लुटेनमुक्त' छापलेली पाकिटे आणावीत. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त म्हणण्यासाठी एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. मी ओट्सही खातो, त्यात तर ग्लुटेन नसतेच.

दळण_घरचे
साधे ओट्स बहुधा गव्हाच्या संगतीनेच पिकतात आणि भरले जातात, त्यामुळे त्यांच्या पाकिटावरही तोच शब्द छापलेला नसेल तर ते चालत नाहीत. त्या शब्दाची पाकिटे साध्या पिठाच्या कितीतरी पट महाग पडतात, आणि विरी गेलेल्या पिठाचे काय, हे ताईंनी पहिल्याच प्रतिसादात लिहिले आहे.

निगडीचे_काका
मी पुन्हा सांगतो, २४,००० रुपये ही गुंतवणूक समजावी. आमच्या यंत्राला पाच वर्षांची हमी आहे.

कृष्णाकाठची
सर्वांचे आभार. आमचा निर्णय झाला आहे आणि तो बहुतेकांच्या मताविरुद्ध आहे, म्हणून कारणांसह लिहिते.
घरघंटी घेत नाही. बाजारात जाऊन यंत्रे पाहिली. १२,००० रुपयांच्या आसपास साधे यंत्र मिळते हे खरे, पण त्याला जागा स्वयंपाकघरातच द्यावी लागेल आणि त्याच ओट्यावर घरच्यांच्या पोळ्यांची कणीक मळली जाते. शिवाय, यंत्र दिसले की 'एवढेसे गव्हाचे दळून घेऊ' असे आमच्या सासूबाईंना कधी ना कधी वाटणारच. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण एकदा तसे झाले की ते यंत्र मुलीसाठी संपले.
मुलीला लागते किती पीठ? दिवसाला दोन भाकऱ्या आणि एखादे घावन. एवढ्यासाठी सुमारे ५,००० रुपयांचा, ७५० वॅटचा वेगळा मिक्सर घेतला आहे. त्याच्यावर लाल रंगाची पट्टी चिकटवली आहे आणि त्याची भांडी वरच्या कप्प्यात वेगळी राहतात. ज्वारी थोडी थोडी घालून, मध्ये थांबत फिरवली तर भांडे तापत नाही. बारीक चाळणीने चाळलेल्या पिठाची भाकरी उकड काढून केली की थापताना फाटत नाही. गिरणीच्या पिठाइतकी मऊ होत नाही, हे मान्य आहे. चाळणीत उरलेल्या जाडसर भागाच्या कण्या शिजवून ताकाबरोबर देते आणि त्या तिला भाकरीहूनही आवडल्या आहेत. बाकीचे दिवस पिठाला हातच लावत नाही: तांदूळ, डाळी, ज्वारी निवडून, भिजवून आणि वाटून आंबोळ्या, इडल्या, धिरडी करते, आणि ती सगळ्या घराला सारखीच वाढते. सकाळच्या न्याहारीतून घरातला गहू आपोआप गेला.
उरलेल्या पैशांत वेगळा तवा, पोळपाट, परात, चाळणी आणि हिंगाची डबी घेतली. ज्वारीसाठी जतजवळच्या एका शेतकऱ्याशी बोलणे झाले आहे.

निगडीचे_काका
मिक्सरवर ज्वारी दळणे म्हणजे मोटार जाळणे. सहा महिन्यांनी याच धाग्यावर भेटू.

दळण_घरचे
सासूबाईंचा मुद्दा मला पटला. आमच्या घरघंटीला म्हणूनच कुलूप आहे. कण्यांमध्ये मीठ-जिऱ्याव्यतिरिक्त काय घालता, तेवढे लिहा.

जाते_आणि_ओवी
मिक्सरच्या पिठाला चव नसते. तरीही मुलगी पोटभर जेवते आहे हे वाचून बरे वाटले. कण्यांत शेवटी लसणाची फोडणी घाला, आणि तो हिंग पाहून घाला.

शिरोळचा_सौदा
आत्ताच धागा पाहिला. आमच्याकडे घरघंटी विकायची आहे, किंमत ६,००० रुपये, म्हणजे आपल्या बजेटच्या निम्मीच. अत्यंत काळजीपूर्वक वापरलेली असून गव्हाशिवाय तिच्यात दुसरे काहीही दळलेले नाही. इच्छा असल्यास निरोप पाठवावा.