गुलमर्ग २०२४ – फक्त ट्रिपचं बोला

१४ जानेवारी, रविवार

ताई: पोचलो एकदाचे. टनमर्ग सोडल्यावर घाट लागला आणि सगळे खिडकीला नाक लावून, या वळणावर बर्फ दिसेल, त्या वळणावर दिसेल करत बसलेले, वर आलो तर पिवळं गवत. नुसतं पिवळं गवत आणि घोड्यांची लीद.

मामा: फोटो टाक की

बंड्या: मामा फोटो टाकला तर तुम्ही म्हणाल पाचगणीला गेलात. सेम टेबललँड. घोडेवालेपण तसेच मागे लागतात.

आत्या: अगोबाई. मग आणलेल्या त्या जाड जाड चड्ड्यांचं काय 😂

ताई: आत्या दिवसा स्वेटर काढून फिरतोय. रात्री मात्र नळाचं पाणी गोठतं, सकाळी बादलीत बर्फ. तेवढाच बर्फ काय तो.

मी: मी १० तारखेला लिंक टाकली होती वर, कुणी उघडली नाही. डिसेंबरपासून कोरडंच आहे तिकडे. भूमध्य समुद्राकडून जे वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे ढग आणणारे पट्टे येतात ना तेच काश्मीरला हिवाळ्यात बर्फ देतात, यंदा ते धड आलेच नाहीत आणि वरून एल निनोचं, म्हणजे पॅसिफिक समुद्र तापण्याचं वर्ष. ढग नाहीत म्हणून दिवसा ऊन आणि रात्री कडाका.

बाबा: हॉटेलवाला सांगत होता, २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे त्यांच्याकडची सगळ्यात कडक थंडी. याच दिवसांत पडलेला बर्फ टिकतो म्हणे, नंतरचा लगेच वितळतो. उन्हाळ्यात ओढ्यांना पाणी त्याचंच. तो बिचारा आमच्यापेक्षा जास्त काळजीत आहे.

मामा: तो काळजीत आहे पण बिल कमी करणार आहे का ते विचारा

१५ जानेवारी, सोमवार

आत्या: तिळगूळ घ्या गोड बोला सगळ्यांना!! मनू मी दिलेला डबा उघडलास का

ताई: उघडला. लाडू दगड झालेत. जिजूंनी दाराच्या फटीत धरून फोडला. चव मस्त आहे पण.

बंड्या: आज गोंडोलाने, म्हणजे केबल कारने वर जायचं का ते बोला. पहिला टप्पा कोंगडूरी, दुसरा अफरवट, जवळपास ४ हजार मीटर. खालून तिथे पांढरं दिसतंय. स्की घ्यायच्या आणि वरून मारायची.

जिजू: मारायची म्हणजे? तुला थांबता येतं का?

मी: बंड्या वर शिकण्याचा स्लोप नाहीये, ते स्कीइंग येणाऱ्यांचं काम आहे. त्यातून पातळ थर म्हणजे खाली दगड. नवख्याने गुडघा घालवायची उत्तम सोय.

ताई: आपला स्कीचा इन्स्ट्रक्टरपण तेच म्हणाला. मी त्याला सरळ विचारलं, वर नेतोस का, दिवसाचे पैसे तर घेतलेस. म्हणाला, "दीदी, ऊपर बर्फ नहीं, शीशा है." झाला विषय.

बंड्या: मग मी चार दिवस गवत बघू?

१६ जानेवारी, मंगळवार

बाबा: मी त्या इन्स्ट्रक्टरकडे पूर्ण ॲडव्हान्स परत मागणार आहे. सहा जणांचे चार दिवसांचे पैसे, बूट-स्कीचं भाडं वेगळं. बर्फ नाही तर स्कीइंग नाही, स्कीइंग नाही तर पैसे नाहीत. कंझ्युमर कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही.

मामा: बरोबर बोललात दाजी. इन्शुरन्स आहे ना, तिकडूनपण मागा.

मी: मामा इन्शुरन्सचा कागद वाचला मी. फ्लाइट रद्द, बॅग हरवली, हाड मोडलं, सगळं आहे. बर्फ पडला नाही हे त्यात कुठेच नाही.

जिजू: बाबा थोडं ऐकून घ्या. काल संध्याकाळी त्याच्याबरोबर चहाला बसलो होतो. सीझन अडीच-तीन महिन्यांचा, डिसेंबर अख्खा रिकामा गेला. स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणारी म्हातारी माणसं बाहेर उन्हात बसलीयेत बघितलंत ना, त्यांना तर ॲडव्हान्सपण नसतो. हॉटेलने एक रात्र सोडायला हवी, त्यांच्याकडे वर्षभर गिऱ्हाईक असतं. याच्याकडून काय काढायचं?

बाबा: दयेचा प्रश्न नाही, व्यवहाराचा आहे.

आत्या: दादा तू भाजीवाल्याकडेपण असाच हिशोब करतोस

ताई: बूट-स्कीचं भाडं त्याने स्वतःहून परत देऊ केलंय. दोन दिवसांची फी ठेवतो आणि त्या दोन दिवसांत गवतावर शिकवतो म्हणतो. मी हो म्हटलंय. बाबा, रागावू नका.

बाबा: गवतावर काय शिकवणार??

१६ जानेवारी, संध्याकाळ

बंड्या: मी शब्द मागे घेतो. ते बूट घालणं हाच एक कोर्स आहे. प्लास्टिकचं कडक डबडं, चार बकल, नडगीला असं आवळतं की टाच उचलता येत नाही, पुढे झुकूनच उभं राहायचं. त्यात चालायचं म्हणजे टाच आधी टेकवत, रोबोटसारखं. पडायचं कसं तेपण शिकवलं, कुशीवर पडायचं, मागे बसायचं नाही, आणि उठताना स्की उताराला आडव्या करायच्या. मी एकदाच मागे बसलो, नेमका लिदीवर.

ताई: आणि पिझ्झा! ब्रेक मारायला पुढची टोकं जवळ, मागची लांब, त्याला पिझ्झा म्हणतात. बाबा दीड तास गोल्फ कोर्सजवळ पिझ्झा करत होते, स्की नाही काही नाही, नुसते बूट. शेवटी त्यालाच म्हणाले, गुडघा अजून वाकव, तुझाच वाकत नाहीये.

मामा: 😂😂 व्हिडिओ पाठवा

बाबा: व्हिडिओ नाहीये.

जिजू: आहे.

मी: आता उरलेल्या दिवसांचं ठरवा. हवामान खात्याचं बघितलं, तुम्ही आहात तोवर काही नाही. तिथे बसून आभाळाकडे बघण्यापेक्षा एक दिवस आधी खाली उतरा. टनमर्गजवळ द्रंगचा धबधबा रात्रीच्या थंडीने गोठतो, मुलांना तो दाखवा. मग श्रीनगर, पहाटे उठून दल लेकचे काठ बघा.

ताई: आणि हरीसा! हिवाळ्यातच मिळतो, मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून घोटून घोटून पेस्ट करतात, वर कडकडीत तेल. सकाळी लवकर गेलं नाही तर संपतो.

आत्या: संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मटणाच्या गप्पा. करा काय करायचं ते. माझा डबा तेवढा आठवणीने आणा, स्टीलचा आहे, आईच्या वेळचा.

बाबा: हॉटेलने एक रात्र सोडली. मी मॅनेजरशी बोललो. शांतपणे.

३१ जानेवारी, बुधवार

बंड्या: बघा!! इन्स्ट्रक्टरने व्हिडिओ पाठवलाय. आपण पिझ्झा केला ती जागा. कुंपण दिसत नाहीये एवढा पडलाय. अजून पडतोच आहे.

मामा: दोन आठवडे फक्त दोन आठवडे

ताई: स्लेजवाले काका बघा मागे, दोघांना ओढतायत आणि हसतायत.

बाबा: मला फोन आला होता त्याचा. फेब्रुवारीत या म्हणतो, राहिलेले दोन दिवस शिकवतो, फी सवलतीत. मी विचार करतो म्हटलं.

जिजू: बाबांनी काल रात्री फ्लाइटचे रेट बघितलेत, हिस्टरी दिसते लॅपटॉपवर.

आत्या: जाणार असाल तर त्या हॉटेलात विचारा. डबा तिथेच राहिलाय.