अनुभव धागा: दम्याच्या पंपाचा खर्च – कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात नाही

सांजवात:
दम्याचा पंप एकदा सुरू झाला की दर महिन्याच्या खर्चात त्याची जागा पक्की होते. म्हणून हा धागा. जे स्वतः पंप वापरतात, घरातल्या कुणासाठी आणतात, औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात काम करतात, त्या सगळ्यांनी लिहा. विनंती एकच, कहाणी बाजूला ठेवून नेमकं काय करायचं, किती आणि कुठे चुकतं तेवढं सांगा. सुरुवात हिशेबाने करते.

खोक्यावरची किंमत बघून पंप स्वस्त की महाग ते कळत नाही. तो दिवसाला कितीला पडतो ते काढा. किमतीला खोक्यावरच्या डोसांनी भागा आणि दिवसाच्या डोसांनी गुणा. १२० पफचा स्प्रे सकाळी २ आणि रात्री २ घेतला तर ३० दिवस जातो. ६० डोसचा पावडरवाला पंप दोन वेळा एकेक घेतला तरी ३० दिवसच. फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉल या जोड औषधाच्या (फ्लुटिकासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड, साल्मेटेरॉल हे श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारं) २५/१२५ स्प्रेचे दोन पफ म्हणजे ५०/२५० पावडरचा एक डोस, तेव्हा या दोघांची तुलना सरळ करता येते.

आता यातली मेख. "दोन पफ कमी ताकदीचे घेण्यापेक्षा एक जास्त ताकदीचा घ्या, पंप दुप्पट दिवस जाईल" असा सल्ला सर्रास दिला जातो. नुसत्या स्टेरॉइडच्या पंपात तो डॉक्टरांना विचारून चालू शकतो, जोड औषधात फसतो. या स्प्रेच्या २५/५०, २५/१२५ आणि २५/२५० अशा तीन ताकदी येतात. पहिला आकडा साल्मेटेरॉलचा आणि तो तिन्हीत २५ च आहे. म्हणजे २५/१२५ च्या दोन पफऐवजी २५/२५० चा एक घेतला तर स्टेरॉइड तेवढंच राहतं, पण श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारं औषध निम्म्यावर येतं. उलटी गत बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची. यात पहिला आकडा बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा, दुसरा श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या फॉर्मोटेरॉलचा. २००/६ मिळत नाही म्हणून १००/६ चे दोन घेतले की फॉर्मोटेरॉल ६ चं १२ होतं. ताकद बदलताना दोन्ही आकडे वाचायचे.

टाचणी:
दुकानाच्या काउंटरच्या आतून लिहितेय. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी तीन गोष्टी असल्या की सर्वात स्वस्त पर्याय शोधणं सोपं जातं: औषधाचं मूळ नाव, ताकद आणि पंपाचा प्रकार (स्प्रे, अनेक डोसांची पावडर किंवा कॅप्सूलवाली पावडर). डॉक्टरांना तसं लिहून मागा.

नावांचा घोळ लक्षात ठेवा. साल्ब्युटामॉल (तातडीच्या निळ्या पंपातलं औषध) आणि अल्ब्युटेरॉल ही एकाच औषधाची दोन नावं आहेत. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल एका खोक्यावर २००/६ आणि दुसऱ्यावर १६०/४.५ दिसलं तर घाबरू नका. पहिली जोडी यंत्रात मोजलेल्या डोसाची, दुसरी तोंडाशी बाहेर पडणाऱ्या डोसाची, औषध तेच. हलकं औषध दिलं म्हणून परत करायला येणारे बरेच असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, खोकंच तसं छापलेलं असतं.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. बेक्लोमेटासोन या स्टेरॉइडच्या काही स्प्रेंमधले कण अतिसूक्ष्म असतात आणि ते साध्या स्प्रेपेक्षा साधारण दुप्पट प्रभावी ठरतात. त्यामुळे मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम लावून बदली करू नका. या औषधात पंप बदलला की डोस डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्यायचाच.

कॅप्सूलवाल्या पंपात यंत्र एकदाच घ्यावं लागतं, पुढे फक्त कॅप्सूल. आठवड्यापुरत्याही घेता येतात, त्यामुळे हातात एकदम पैसे नसतील तर हा मार्ग सोयीचा. कॅप्सूल घेण्याच्या क्षणीच फोडायची, आधी भरून ठेवायची नाही, कारण पावडर ओलावा धरते. ओढल्यावर यंत्र उघडून बघा. आत पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढा, तो तुमच्या पैशाचाच डोस आहे. आणि कॅप्सूल गिळायची नसते हे घरातल्या वयस्कर माणसांना आवर्जून सांगा.

रानजाई:
सर्वात जास्त पैसा फुकट जातो तो हवेत. प्रत्येक वेळी "चालतोय ना" म्हणून एक पफ हवेत सोडून मग दोन घेतले, तर दर तीन पफमागे एक वाया. २०० पफच्या डबीतले साठ-पासष्ट असेच उडतात.

हवेत सोडायचे ते फक्त पंप नवीन असताना, खाली पडला असताना किंवा बरेच दिवस पडून राहिला असताना, आणि तेही पत्रकात लिहिलेत तेवढेच, साधारण २ ते ४. बरेच दिवस म्हणजे किती, हे पंपागणिक वेगळं असतं. साल्ब्युटामॉलचेच काही पंप पाच दिवस पडून राहिले तरी असे पफ सोडून तयार करावे लागतात, काही चौदा दिवसांनी. आतलं घडीचं पत्रक फेकू नका.

डबी पाण्यात तरंगते का बघून औषध किती उरलंय ते कळतं, हा समज आता सोडा. अंदाज चुकतो आणि झडपेत पाणी शिरून चालू पंप बिघडतो. हलवून आवाज ऐकण्यातही अर्थ नाही. डबीत ठरलेल्या डोसांपेक्षा थोडं जास्त भरलेलं असतं, म्हणून मोजलेले पफ संपल्यावरही फुस्स होत राहतं, पण प्रत्येक पफमध्ये औषध पुरेसं असेलच असं नाही. आकडा दाखवणारा पंप मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर रोजच्या पंपाचं गणित सोपं आहे: १२० भागिले ४, तिसावा दिवस कॅलेंडरवर खुणेचा. तातडीच्या पंपासाठी खोक्यावर पेनाने रेघा मारा.

उलट चूकही होते. औषध भरपूर असतं, पण प्लॅस्टिकच्या नळीतलं बारीक भोक औषधाच्या पांढऱ्या थराने बुजतं, फवारा बारीक होतो आणि माणूस पंप संपला म्हणून टाकून देतो. साल्ब्युटामॉलच्या स्प्रेत हे फार होतं. आठवड्यातून एकदा डबी काढून बाजूला ठेवा (ती कधीच भिजवायची नाही), प्लॅस्टिक कोमट वाहत्या पाण्याखाली वरून अर्धा मिनिट आणि खालून अर्धा मिनिट धरा, झटका आणि रात्रभर वाळू द्या. उजेडासमोर धरलं की भोक मोकळं झालेलं दिसतं. काही पंप मात्र फक्त कोरड्या फडक्याने पुसायचे असतात आणि पावडरच्या पंपाला तर पाणी लागताच कामा नये.

हिरवा_दिवा:
पावडरच्या पंपांत डोस वाया जाण्याची तऱ्हाच वेगळी. ज्याची खिट्टी सरकवायची असते तो "बघू कसा चालतो" म्हणून सरकवला की तो डोस गेला. ज्याचं झाकण उघडताच डोस भरतो, तो न ओढता बंद केला तरी गेला. बुडाशी फिरवायच्या पंपाला दोनदा फिरवल्याने दुप्पट औषध मिळत नाही, मोजणी तेवढी उतरते. शिवाय या फिरवायच्या पंपात जे खुळखुळतं ते औषध नसून ओलावा शोषणारे दाणे असतात. पूर्ण रिकामा झाला तरी खुळखुळतोच. खिडकीतली लाल खूणच खरी.

अडुळसा:
हवेतल्या पफइतकंच घशातही जातं. स्प्रे चांगल्या पद्धतीने घेतला तरी फुप्फुसात साधारण १० ते २० टक्केच पोचतं. पद्धत चुकली तर त्याहून कमी, आणि मग "पंप लागू पडत नाही" म्हणून महागडं औषध सुरू होतं. स्प्रे हळू, चार-पाच सेकंद ओढायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. पावडर मात्र जोरात आणि सुरुवातीपासून जोरात. दोन्ही प्रकारचे पंप असलेल्यांची नेमकी इथेच गल्लत होते. डॉक्टरांना विचारून दोन्ही एकाच प्रकारचे करून घेता आले तर उत्तम.

स्पेसर, म्हणजे स्प्रे आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, ही खर्चाच्या मानाने सर्वात जास्त परतावा देणारी वस्तू. तोही परवडत नसेल तर ५०० मिलीची प्लॅस्टिकची बाटली वापरता येते. हा घरगुती तोडगा असला तरी तपासलेला आहे: डॉ. हेदर झार यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेत दम्याचा अ‍ॅटॅक आलेल्या मुलांवर तशी चाचणी केली आणि ती १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. सांध्याला डिंक लावून बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली. फोमचा कप कमी पडला.

करायची पद्धत: जाड तार पंपाच्या तोंडाच्या आकारात वाकवा, तापवा आणि बाटलीच्या बुडावर दाबा. त्या आकाराचं भोक पडतं. तिथे पंपाचं तोंड घट्ट बसलं पाहिजे. फट राहिली तर डिंकाने किंवा चिकटपट्टीने बंद करा, कारण सगळा खेळ फटीचा आहे. भोक मोठं झालं तर ती बाटली सोडा, दुसरी घ्या. मग भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि निथळत वाळू द्या. फडक्याने पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. विकतच्या स्पेसरलाही हेच लागू. बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, एक पफ सोडायचा आणि लगेच श्वास सुरू करायचा. लहान मुलांना पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. दोन पफ एकदम सोडले तर कण एकमेकांवर आदळून जड होतात, दोन पफएवढं औषध पोचत नाही.

आणि हो, ज्यांनी नेब्युलायझरचं (औषधाचं बारीक धुकं करणारं) यंत्र घ्यायचं ठरवलंय त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. साध्या ते मध्यम अ‍ॅटॅकमध्ये स्प्रे आणि स्पेसर तेवढंच काम करतात.

कोरा_कागद:
एक शंका. रोजचा पंप महाग आहे आणि निळा स्वस्त. त्रास नसेल त्या महिन्यात रोजचा बंद ठेवला तर?

अडुळसा:
नका. इथे ठाम लिहिते, कारण जीव जातो तो याच बचतीत. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, नळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतो. आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतं ते रोजच्या पंपातलं स्टेरॉइड, आणि ते बंद केल्यावर काही दिवस फरकच जाणवत नाही. त्यामुळेच माणूस फसतो.

आकड्यात बघा. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन पफ लागले तर आठवड्याला ४. २०० पफची डबी पन्नास आठवडे, म्हणजे जवळजवळ वर्षभर पुरायला हवी. वर्षात ३ किंवा जास्त डब्या लागल्या तर मोठ्या अ‍ॅटॅकचा धोका वाढतो, १२ किंवा जास्त लागल्या तर मृत्यूचा, हे 'जिना' या जागतिक दमा मार्गदर्शक संस्थेच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. याच संस्थेने २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळायला नको म्हटलं. इस्पितळाची एक रात्र रोजच्या पंपाच्या कितीतरी महिन्यांएवढी पडते.

खर्च खरोखर कमी करायचे दोन सुरक्षित मार्ग आहेत, दोन्ही डॉक्टरांशी बोलूनच. पहिला म्हणजे बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोज आणि तातडीलाही. दोनाचा एक पंप होतो आणि दम लागेल तेव्हा स्टेरॉइडही आपोआप जातं. मोठ्यांसाठी २००/६ चे रोजचे आणि तातडीचे मिळून दिवसात १२ च्या वर नाहीत. हे फॉर्मोटेरॉलमुळे जमतं, ते मिनिटांत काम करतं. साल्मेटेरॉल सावकाश करतं, म्हणून साल्मेटेरॉलचा पंप तातडीला अजिबात वापरू नका.

दुसरा मार्ग लोक विचारतच नाहीत: डोस उतरवणं. साधारण तीन महिने दमा पूर्ण ताब्यात असेल तर डॉक्टर स्टेरॉइड २५ ते ५० टक्क्यांनी कमी करून पाहू शकतात. पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा. जाताना तीन महिन्यांत निळा पंप किती वेळा लागला आणि रात्री किती वेळा जाग आली ते लिहून न्या. त्या दोन आकड्यांवर निर्णय लवकर होतो.

टाचणी:
याला जोडूनच. स्वस्त म्हणून साल्ब्युटामॉलच्या गोळ्या किंवा सिरप मागणारे येतात. तोंडाने घेतलेलं औषध सावकाश लागू होतं, डोस कित्येक पट लागतो, हात थरथरतात, छाती धडधडते. मॉन्टेलुकास्टची गोळीही रोजच्या स्टेरॉइड पंपाएवढी गुणकारी नाही, शिवाय मनःस्थितीवर आणि झोपेवर होणाऱ्या परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिच्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. पंपाच्या जागी ती आपल्या मनाने घेऊ नका.

सांजवात:
कागदपत्रांचंही लिहिते. विमा असेल तर चिठ्ठी लिहून घेण्याआधी विमा कंपनीच्या यादीत कुठले पंप आहेत ते विचारा आणि ती नावं डॉक्टरांसमोर ठेवा. चिठ्ठी झाल्यावर बदलायला दुसरी फेरी लागते. यादीबाहेरचाच पंप हवा असेल तर डॉक्टरांच्या पत्रात आधी वापरलेली औषधं, त्यांची ताकद, किती दिवस आणि का जमलं नाही हे लिहिलेलं असू द्या. "रुग्णाला हाच योग्य" एवढ्या एका ओळीवर अर्ज परत येतो. पावडर ओढायला श्वासाचा जोर पुरत नसेल तर तेही कारण लिहून घ्या.

सरकारी दवाखान्यात ब्रँड विचारू नका. साल्ब्युटामॉल, बुडेसोनाइड आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणून याच नावांनी चौकशी करा. औषध कंपन्यांच्या मदत योजनेचा अर्ज शेवटचा पंप अर्धा असतानाच भरा. चिठ्ठीवरची ताकद आणि अर्जावरची ताकद जुळते का बघा, सही राहिली का बघा.

रानजाई:
साठा करणाऱ्यांसाठी एक. खोक्यावरची मुदत बंद पाकिटाची असते. पाकीट फोडल्यावर वेगळी मुदत सुरू होते, कुठे एक महिना, कुठे सहा आठवडे, कुठे तीन महिने. तीन पंप एकदम स्वस्तात मिळाले तर घ्या, पण पाकीट एका वेळी एकच फोडा आणि फोडल्याची तारीख पंपाच्या अंगावरच चिकटपट्टी लावून लिहा. खोक्यावर लिहिली तर खोकं आधी हरवतं.