साठ जणांचा गुळाचा चहा कसा जमवू? मदत हवी आहे

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी सगळी घरं, पण यंत्रमागाच्या पाळ्यांमुळे शेजारी असूनही निवांत बोलणं होत नाही. म्हणून यंदा गड्ड्याच्या (ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या) यात्रेत, संक्रांतीच्या संध्याकाळी सगळ्यांना तिळगूळ आणि चहाला बोलावतेय. आचारी नको, चहा घरच्या हातचाच हवा.

60 जण, 100 मिलीचा कप, म्हणजे 6 लिटर चहा. दूध किती, पूड किती? सासूबाईंना गुळाचाच हवाय. गूळ घालून उकळलं की दूध फाटतं, म्हणून एरवी मी गॅस बंद करून किसलेला गूळ घालते. एवढ्या मोठ्या पातेल्यात तो नीट विरघळेल का? की गुळाचं पाणी वेगळं ठेवून कपात ओतू? रात्रपाळीला जाणाऱ्यांना आधी द्यायचाय, लवकर सांगा.