मदत हवी आहे: करडू गिळलेला अजगर बागेत पडून आहे

कोकणातल्या आमच्या काजूच्या बागेत काल संध्याकाळपासून दहाएक फुटी अजगर पडलाय. शेजारच्या काकांचं करडू गिळलंय त्याने. पोट पखवाजासारखं फुगलंय, ताणलेल्या खवल्यांच्या मधून पांढुरकी कातडी दिसतेय. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी जुळलेले नसतात, म्हणून एवढं भक्ष्य आत जातं, हे पोरांना समजावलं. पण गावातले दोघे-तिघे काठ्या घेऊन फिरतायत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, हेही सांगून झालं. डिवचलं तर तो सगळं ओकून टाकेल, याचीच धास्ती वाटते. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरवर कळवलंय. माणसं येईपर्यंत राखण कशी करू? जागच्या जागीच राहू द्यावा ना? आणि काकांना करडाची भरपाई मिळते का? कुणाला मिळाली असेल तर कृपया सांगा.