मदत हवी आहे : जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून काम केलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेतली आठवीची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी 'एसओएस' या जहाजांच्या संकटकाळच्या रेडिओ संकेतावर तक्ता करतायत. 'सेव्ह अवर सोल्स' हा अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला, हे त्यांना आता पटलंय. मोर्सच्या टिंब-रेघांच्या लिपीत तो असा: तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, मध्ये न थांबता सलग. हा ठेका गोंगाटातही चटकन ओळखू येतो. जर्मनीने तो १९०५ साली नियमात घातला, बर्लिनच्या १९०६ च्या परिषदेने स्वीकारला आणि १ जुलै १९०८ पासून तो लागू झाला. त्याआधी मार्कोनीच्या रेडिओ कंपनीची माणसं संकटात 'सीक्यूडी' पाठवत. १९१२ साली टायटॅनिकवरून दोन्ही संकेत गेले.

डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं एसओएस मात्र वेगळं. ते लॅटिन 'सी ओपुस सित', म्हणजे गरज पडली तरच गोळी घ्या. हे तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावलंय, घरोघरी उपयोगी आहे म्हणून.

आता अडलंय ते इथे. जहाजाच्या रेडिओ रूममधल्या घड्याळावर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांच्या जागी लाल पट्टे असत. त्या वेळी ५०० किलोहर्ट्झ या संकटाच्या हाकेच्या वारंवारतेवर सगळे गप्प राहून फक्त ऐकत, कुणाची क्षीण हाक दबू नये म्हणून. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. १९९९ मध्ये जहाजांवरची मोर्सची सक्ती संपली, त्यामुळे हे अनुभवलेली माणसं आता निवृत्त असतील.

तुमच्या घरात, ओळखीत असं कुणी आहे का? घड्याळाचा स्वतः काढलेला फोटो चालेल. मुलांशी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बोलले तर फारच उत्तम. प्रदर्शन दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे.