डॉल्फिन दिसले की बोट मागे लावायची का? जिप्सीवाल्या विदर्भाने तरी सांगावं

धानपट्टा (पवनी, जि. भंडारा)

राजेहो, एक भांडण इथे आणतो, कारण गावात ते मिटत नाही. दिवाळीनंतर आमच्या इकडचे काही जण लक्षद्वीपला जाऊन आले, मीही होतो. अगत्तीहून बंगारमला जाताना डॉल्फिनचा कळप दिसला. स्पिनर जातीचे, म्हणजे हवेत उडी घेऊन स्वतःभोवती गिरक्या मारणारे. पण हे गिरक्या मारत नव्हते. अंगाला अंग लावून, एका तालात वर यायचे, फुस्स करून श्वास सोडायचे, खाली जायचे. एवढंच. आमच्यातल्या काहींनी बोटवाल्याला म्हटलं, जवळ घे. त्याने घेतली, कळप वळला. पुन्हा घेतली, पुन्हा वळला. शेवटी त्यांनी बुडी मारली ते पार लांब निघाले. मी बोटीवरच बोललो की हे बरोबर नाही. त्यावरून जे वाजलं ते अजून वाजतंय.

माझं म्हणणं एवढंच: डॉल्फिन आपणहून बोटीकडे आले तर पोटभर पाहा. बोट त्यांच्या मागे लावू नका. हे स्पिनर रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात. खोलवरचे बारके मासे आणि माकुळ (स्क्विड) रात्री वर येतात, तेव्हा यांचं जेवण. दिवसा ते बेटाजवळच्या शांत, उथळ पाण्यात आराम करतात. झोपही पुरती नाही, अर्धा मेंदू जागा ठेवून, कारण श्वासाला वर यावंच लागतं. म्हणजे आपण सकाळी दहाला जे 'दर्शन' घेतो ते रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या दारात डीजे लावण्यासारखं आहे. हवाई बेटांवर याच कारणाने ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे: किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांपेक्षा, म्हणजे साधारण ४५ मीटरपेक्षा, जवळ जायचं नाही. पोहून नाही, बोटीने नाही.

आणि आपण कोण? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात गोठणगावकडे एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या जिप्स्यांनी घेरलं, व्हिडिओ फिरला, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा इथल्या प्रत्येकाने शिव्या घातल्या. तेच पाण्यात केलं की 'एन्जॉय' कसं काय?

कास्तकार_दारव्हा

भाऊ, रागावू नका, पन तुमी लयच ताणून राह्यले. आमच्या यवतमाळच्या मानसाले समुद्र जलमात एकदा पाहाले भेटते. तो पैसा भरून, रेल्वेत अंग मोडून, कोचीवरून पुढे जाते. त्याच्यासमोर डॉल्फिन आला अन् तुमी म्हन्ता लांबूनच पाहा. लांबून त आमी टीव्हीतही पाहातो.

अन् वाघिनीचं वायलं हाये. तिचा रस्ता अडवला होता, दोन्ही कडून गाड्या. समुद्राले कोन अडवते? त्याले नाई पटलं त तो जाईन खाली. गेलाच ना? मंग तक्रार कायची?

निशा_भंडारा

मीच ती 'जवळ घ्या' म्हणणारी, म्हणून बोलते. धानपट्टा सर, कळप वळला तेव्हा तुमचाही मोबाइल वर होता, हे लिहायचं राहिलं वाटतं.

गमतीचा भाग सोडा. २०१३ मध्ये आपल्या देशात डॉल्फिनेरियमला परवानगी द्यायची नाही असं ठरलं. अगदी योग्य. हौदात कोंडलेला डॉल्फिन मला माझ्या मुलीला दाखवायचाही नाही. मग मुलांनी पाहायचा कुठे? समुद्रातच ना? माझी मुलगी परत आल्यापासून ग्रंथालयातून समुद्राचीच पुस्तकं आणतेय. ताडोब्यातही हेच झालं. लोक वाघ पाहायला यायला लागले, गावातल्या पोरांना गाइडचं काम मिळालं, तेव्हा कुठे वाघ गावाला आपला वाटायला लागला. न पाहिलेल्या जनावरासाठी कोणी भांडत नाही. थोडा त्रास होत असेल, पण तो त्रास वाचवायला गेलात तर बेटावरच्या बोटवाल्याचं पोट कोण भरणार?

धानपट्टा

मोबाइल वर होता, ताई. 'बोट वळवा' मात्र मी म्हटलं नव्हतं. पाहू नका असं मी कुठे म्हटलंय? त्यांना येऊ द्या, एवढंच.

मोहर्ली_गेट

जी, मी ताडोब्यात जिप्सी चालवतो. निशाताईंचं अर्धं बरोबर आहे, पोट त्याच्यावरच चालते. पण उरलेलं अर्धं आमच्या सीटवर बसल्याशिवाय समजत नाही.

पर्यटक कधीच 'वाघाला घेरा' म्हणत नाही. तो म्हणतो, "दादा, थोडं पुढे घ्या ना, लेन्समध्ये झाडाची फांदी येऊन राहिली." तुम्ही दोन फूट पुढे. मागचा ड्रायव्हर पाहतो, हा पुढे गेला, माझ्या पार्टीला आता याची गाडीच दिसते. तो तुमच्या बाजूने काढतो. पाच मिनिटांत जाम. कोणाच्याच मनात घेरायचं नव्हतं. उमरेडच्या भानगडीत कारवाई झाली ती गाइड-ड्रायव्हरवर, हे सगळ्यांच्या लक्षात आहे ना? मागच्या सीटवरून 'पुढे घ्या' कोण म्हणत होतं, ते कोणी विचारलं नाही.

त्या बोटवाल्याचंही तेच. तो पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात आहे, डॉल्फिन आराम करतो का खेळतो हे त्याला तुमच्या-माझ्याहून चांगलं कळते. तरी त्याने बोट वळवली, कारण उतरताना टिप तुमच्या हातात होती. त्याच्या अडाणीपणामुळे काही होत नाही, तुमच्या खुशीमुळे होते.

वर्धेकर_जहाजावर

मी मर्चंट नेव्हीत आहे, म्हणून दोन शब्द. जहाजाचं नाक पाणी कापतं तेव्हा त्याच्या पुढे दाबाची एक लाट तयार होते. डॉल्फिन त्या लाटेवर स्वार होतात, शेपूट फारशी हलवावी लागत नाही, फुकट ढकललं जातं. अरबी समुद्रात डेकवर उभं राहून मी हे तासन्‌तास पाहिलंय. कुठून तरी लांबून, आडवे, उड्या मारत येतात, नाकासमोर जागेसाठी एकमेकांना ढुसण्या देतात, एखादा कुशीवर होऊन वर पाहतो, आणि कंटाळा आला की एका क्षणात सगळे गायब. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. बोट म्हटली की त्रासच, हे म्हणणं मला मान्य नाही.

शिडाच्या बोटीलाही येतात. लक्षद्वीपची जुनी ओडम गलबतं खोबरं घेऊन शिडावर मंगळूर-कालिकतला जायची, त्यांना इंजिन कुठे होतं? वेग आणि दिशा सरळ असली की त्यांना अंदाज येतो. म्हणून 'दिसले की इंजिन बंद' हा सरसकट नियमही मला पटत नाही. नाकासमोर खेळत असतील तर आहात तसे सरळ चालत राहा. अचानक वळणं, अचानक गती वाढवणं, कळपाच्या मधून बोट काढणं, त्रास त्याचा होतो. पण धानपट्टांनी लिहिलेला कळप, अंगाला अंग लावून, उडी नाही, एका तालात वरखाली, तो आरामातलाच. तिथे वळवायला नको होती.

वकीलसाहेब_आर्वी

कायद्याचं सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. पकडणं, पाठलाग करणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं व्याख्येत येतं. समुद्रातले डॉल्फिनही त्या कायद्याने संरक्षित आहेत. राष्ट्रीय जलचर आहे तो गंगेतला, तो वेगळा, गल्लत करू नका.

कास्तकार_दारव्हा

वकीलसाहेब, म्हन्जे आता निशाताई शिकारी? काय बाप्पा! आमच्या वावरात रोही (नीलगाय) घुसते, मी रोज रात्री बॅटरी घेऊन हाकलतो, माझ्यावर बी कलम लावता काय?

वकीलसाहेब_आर्वी

तुमच्यावर नाही लावत. पण तुमचा रोही तुमच्या वावरात आला होता. निशाताई डॉल्फिनच्या वावरात गेल्या होत्या.

ढिवराचा_पोरगा (नवेगावबांध)

तुम्ही सगळे टुरिस्टवर भांडून राहिले आणि खरा मारेकरी बाजूला उभा आहे. आमचं घर जाळ्यावर चालतं, मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पिढ्या गेल्या, म्हणून सांगतो: जाळ्याला डोळे नसतात. कटला माशासाठी लावलं की कासवही अडकते. समुद्रात तर मैलमैल लांबीची गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यात अडकवणारी उभी जाळी, रात्रभर तरंगत सोडतात, ट्युनासाठी. डॉल्फिनला श्वासाला वर यावं लागतं, अडकला की बुडून मरतो. हिंदी महासागरात १९५० ते २०१८ या काळात ट्युनाच्या गिलनेटमध्ये सुमारे ४१ लाख डॉल्फिन आणि छोटे देवमासे अडकले असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ४१ लाख! तुमच्या बोटीने एक कळप दोनदा वळला त्याची एवढी चर्चा?

आणि गंमत पाहा, ज्या लक्षद्वीपवाल्यांना तुम्ही शहाणपण शिकवता ते ट्युना गळाने, काठीने एकेक धरतात. बोटीवर जिवंत चारा घेऊन जातात, तो पाण्यात टाकतात, मासा वर आला की काठी मारून ओढतात. त्यात डॉल्फिन जवळपास अडकतच नाही. त्यांच्याकडून शिकून या.

निशा_भंडारा

अगदी हेच! धन्यवाद दादा.

शाळेतली_ब्रह्मपुरी

थांबा, निशाताई, इतक्यात धन्यवाद नको. जाळ्याचं खरं आहे, पण मोठं पाप आहे म्हणून लहान माफ, असं गणित मी वर्गात पोरांनाही चालू देत नाही.

मी जीवशास्त्र शिकवते. ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाची जागा आहे, तिथले बॉटलनोज डॉल्फिन शास्त्रज्ञ कित्येक वर्षं एकेक ओळखून मोजतात. तिथे आधी डॉल्फिन दाखवणारा एक बोटधंदा होता, मग दोन झाले. दुसरा आल्यावर त्या पट्ट्यातले डॉल्फिन कमी झाले. मेले नाहीत, सरकले. सरकारने शेवटी एक परवाना कमी केला. आणि हे नुसतं किनाऱ्यावर उभं राहून कळलं नसतं. कारण जे डॉल्फिन घाबरट, पिल्लांवाले, ते आधीच निघून जातात. उरतात ते धीट. पर्यटक त्यांना पाहून म्हणतो, बघा, यांना काही फरकच पडत नाही! कास्तकारदादा म्हणतात "नाई पटलं त जाईन". तो जातो हेच तर नुकसान आहे. आरामाची जागा सोडून गेला, रात्री उपाशी-अर्धपोटी शिकार, आणि पोटाशी पिल्लू असलेल्या मादीला ते महागात पडतं. त्याच शार्क बेला लोक हाताने मासे भरवायचे, तेव्हा अशा माद्यांची पिल्लं जास्त मरायची. भरवण्यावर बंधनं आली तेव्हा सुधारलं. तिथे कोणी डॉल्फिनचं वाईट चिंतलं नव्हतं, सगळे लाडच करत होते.

ताडोब्यातही गाडीला सरावलेला वाघ आपल्याला 'शांत' वाटतो. मोहर्लीवाले भाऊ सांगतील, लाजाळू वाघीण कुठे पिल्लं घालते.

मोहर्ली_गेट

रस्त्याजवळ तर नाहीच नाही. मॅडमचं बरोबर आहे.

निशा_भंडारा

बरं. 'उरतात ते धीट' हे मला माहीत नव्हतं, त्यावर वाचीन. पण माझा प्रश्न तसाच आहे. बोटवाल्याने काय करायचं? 'साहेब, ते झोपलेत' म्हणाला तर पुढच्या वेळी आपण दुसरी बोट घेऊ. खोटं बोलू नका, घेऊच.

मोहर्ली_गेट

ताई, एक काम होऊ शकते. बसायच्या आधीच सांगायचं: "दिसले तरी एवढे पैसे, नाही दिसले तरी एवढेच, आणि मागे लावायची नाही." माझ्याकडे पुण्याची एक बाई दर उन्हाळ्यात येते, गेटवरच असं सांगते. त्या दिवशी माझी गाडी सगळ्यात मागे असते आणि डोक्याला ताप नसतो. मोर, रानकुत्रे, गवा, सगळं निवांत दाखवतो. टिप आधी ठरली की ड्रायव्हर जंगलाचा होतो, नाहीतर तो पार्टीचा असतो.

ढिवराचा_पोरगा

आता गोसेखुर्द धरणातही जलपर्यटन, स्पीडबोटी अशा बातम्या आहेत. हिवाळ्यात आमच्या तलावांवर परदेशी बदकं उतरतात. तिथे 'पुढे घ्या' कोण म्हणते ते मी किनाऱ्यावर उभा राहून पाहणार आहे. तेव्हा हा धागा वर काढीन.

कास्तकार_दारव्हा

काढा. मले एक सांगा धानपट्टाभाऊ, लक्षद्वीपच्या परमिटले पोलिसाचा दाखला लागते म्हन्तात, तो कोठून काढला? मार्चात चार घरं मिळून जायचा इचार हाये. अन् बोट मी मागं लावनारच, आताच सांगून ठेवतो. पैसे भरतो ना.

धानपट्टा

दाखला आपापल्या हद्दीतल्या ठाण्यातून, आधीच अर्ज करा, वेळ लागतो. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो, मार्च चालेल. मोहर्लीवाल्या भाऊंनाही सोबत न्या, तिकिटाचं मी पाहतो.

मोहर्ली_गेट

मार्चात सीझन असते जी. मे संपल्यावर बोला.